न फिरणाऱ्या गाडीची देखभाल : एका समजाचा प्रतिवाद

मोटारगाडी जितकी चालेल तितकीच झिजते, जितकी झिजेल तितकीच तिची देखभाल करावी, आणि जी गाडी वर्षाकाठी दोन-अडीच हजार किलोमीटरांपलीकडे जात नाही तिला दरसाल सर्व्हिसिंगसाठी गॅरेजात नेणे हा पैशाचा निव्वळ अपव्यय होय, असे एक मत सांप्रत पुष्कळ सुशिक्षित लोकांच्या तोंडी ऐकू येते. आमच्या धारूरचेच, परंतु उद्योगधंद्यानिमित्त पुण्यास स्थायिक झालेले एक सधन गृहस्थ या मताचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. त्यांच्यापाशी परदेशी बनावटीची, दोन आसनांची, जमिनीशी जवळीक करून धावणारी एक स्पोर्ट्स कार आहे. एरवी ती बंगल्याच्या तळघरात कापडी आच्छादनाखाली उभी असते. दिवाळीस ते गावी येतात तेव्हा मात्र बीड-वडवणीवरून तेलगावपर्यंत येऊन, तेथून घाट चढून ती धारूरात दाखल होते, आणि चार-आठ दिवस वाड्यासमोर मुलांच्या कौतुकाचा विषय होऊन राहते. गेल्या दिवाळीत, दहा-बारा तरुण ऐकत असताना, त्यांनी अभिमानपूर्वक सांगितले की गेली तीन वर्षे या गाडीच्या एकाही नटाला पाना लागलेला नाही, आणि मीटरचा आकडा पुरेसा पुढे सरकेपर्यंत तो लागणारही नाही.

हे त्यांच्या बैठकीपुरते राहिले असते तर त्यासाठी लेखणी उचलण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ज्याने स्वकष्टाने द्रव्य मिळवले, ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे, अशा मनुष्याने उच्चारलेले मत तरुणांच्या मनात नियमाची प्रतिष्ठा पावते. आणि हा नियम धारूरसारख्या घाटमाथ्यावरील गावाला जितका घातक आहे तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या गावाला असेल. म्हणून त्यांच्याविषयीचा आदर पूर्णपणे कायम ठेवून त्यांच्या मताचा समाचार घेणे मला अगत्याचे वाटते.

त्यांचे म्हणणे दुबळे करून खोडून काढण्यात पुरुषार्थ नाही. ते जितके सबळ करता येईल तितके करूनच पुढे मांडतो. ते म्हणतात की झीज ही घर्षणाने होते आणि घर्षण गतीवाचून संभवत नाही. उभी गाडी म्हणजे विश्रांती घेणारी गाडी. ते म्हणतात की आजचे सिंथेटिक ऑईल हे पूर्वीच्या खनिज तेलासारखे अल्पायुषी नसून खुद्द कंपनीच्या पुस्तकात वीस हजार किलोमीटरांचे अंतर छापलेले आहे. ते आणखी असेही म्हणतात की अधिकृत सर्व्हिस सेंटर हे ग्राहकाचा खिसा रिकामा करण्याचे ठिकाण झाले असून 'दरसाल या' हा तगादा गाडीच्या हितासाठी नसून त्यांच्या गल्ल्याच्या हितासाठी आहे. आणि शेवटी, सर्व युक्तिवाद संपल्यावर, ते म्हणतात की गाडी माझी आहे, बिघडली तर नुकसान माझे होईल, इतरांनी त्याची चिंता का वाहावी.

प्रथम पुस्तकाचा दाखला घेऊ. कारण ज्या दस्तऐवजावर एखादा पक्ष आपली सारी भिस्त ठेवतो तो दस्तऐवज संपूर्ण वाचून पाहणे हे प्रतिपक्षाचे पहिले कर्तव्य असते. पुस्तकात वीस हजार किलोमीटर असे छापलेले आहे हे खरे. परंतु त्याच वाक्यात, स्वल्पविरामानंतर, 'किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी घडेल ते' असेही छापलेले आहे. आणि हा उत्तरार्ध काही एकट्या एका कंपनीचा आग्रह नव्हे. साध्या मारुतीच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असे असते. आणि स्पोर्ट्स कारच्या जगात जिचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते त्या फेरारी कंपनीने २०११ पासून आपल्या नव्या गाड्यांसाठी सात वर्षांच्या नियमित देखभालीची जी योजना चालू केली, तिच्यातही वीस हजार किलोमीटर किंवा वर्षातून एकदा हाच शिरस्ता ठेवलेला आहे. या योजनेचा खर्च गाडीच्या किमतीतच अंतर्भूत असतो. म्हणजे गाडी दरसाल आली तर पदरमोड कंपनीची होते, ग्राहकाची नव्हे. ज्या कंपनीला हे पक्के ठाऊक आहे की आपल्या गाड्या बहुतांशी धनिकांच्या आवारात उभ्या राहतात आणि वीस हजारांचा आकडा त्यांपैकी कित्येकींना पाच वर्षांतही गाठता येणार नाही, त्या कंपनीने स्वतःच्या खर्चाने दरसालाचे बंधन स्वीकारावे, याचा अर्थ लोभ असा कसा लावता येईल? तो अर्थ रसायनशास्त्रात शोधला पाहिजे.

परंतु तेथे जाण्यापूर्वी मीटर या साक्षीदाराची योग्यता तपासणे इष्ट आहे. मीटर मोजतो ते चाकांनी कापलेले अंतर. इंजिन किती काळ चालले, किती तापले, थंड असतानाच किती वेळा बंद करण्यात आले, किती धूळ त्याने श्वासावाटे आत घेतली, यांपैकी कशाचीही नोंद त्याच्या दफ्तरी नसते. तेलगावपासून घाट चढून धारूरला येणारी गाडी आणि नगरच्या सपाट रस्त्यावर तेवढेच अंतर जाणारी गाडी, या दोहोंच्या मीटरवर सारखाच आकडा पडतो. पण पहिलीचे इंजिन खालच्या गियरमध्ये अधिक फेरे फिरलेले असते, तिचे ऑईल अधिक तापलेले असते, आणि उतरताना तिच्या ब्रेकांनी जे सोसलेले असते त्याला सपाट रस्त्यावर तुलनाच नाही. ही गोष्ट धारूरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही, कारण त्याच्या ट्रॅक्टरवर किलोमीटर नव्हे तर तास मोजणारे मीटर असते. ट्रॅक्टर नांगरटीला दिवसभर एकाच रानात फिरतो, रोटाव्हेटरला जुंपलेला असतो, कधी जागच्या जागी उभा राहून मळणीयंत्र फिरवतो. त्याचे अंतर मोजले तर हास्यास्पद ठरेल. म्हणून नव्या ट्रॅक्टरचे पहिले सर्व्हिसिंग बहुधा पन्नास तासांवर, आणि पुढे कंपनीपरत्वे साधारण अडीचशे तासांच्या आसपास करण्याची रीत आहे. आमच्या तालुक्यातील अल्पशिक्षित ट्रॅक्टरमालक जे तत्त्व वर्षानुवर्षे बिनतक्रार पाळतो, तेच तत्त्व त्याच्या कित्येक पट किमतीच्या यंत्राच्या मालकाला अमान्य व्हावे, हे मला खेदकारक वाटते.

आता उभ्या गाडीच्या तथाकथित विश्रांतीकडे वळू. या ठिकाणी वाचकांनी थोडे धीराने माझ्याबरोबर यावे, कारण साऱ्या वादाचे मर्म येथेच आहे.

एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने उत्पन्न होते. इंजिन पूर्ण तापलेले असेल तर ही वाफ धुराड्यातून निघून जाते. परंतु जी गाडी आठवड्यातून एकदा, केवळ बॅटरी उतरू नये म्हणून, आवारातल्या आवारात पाच-दहा मिनिटे चालू करून बंद केली जाते, तिच्या थंड पोटात या वाफेचा काही अंश पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑईलमध्ये मिसळतो, त्याच्याबरोबर न जळलेले पेट्रोलही उतरते, आणि जळणातून निर्माण झालेल्या वायूंशी त्या पाण्याचा संयोग होऊन आम्ले तयार होतात. ऑईलमध्ये या आम्लांचे निवारण करणारी द्रव्ये मुद्दाम घातलेली असतात, पण त्यांचा साठा मोजका असतो. तो संपला की तेच ऑईल, जे धातूचे संरक्षण करण्यासाठी नेमलेले होते, ते बेअरिंगांच्या पृष्ठभागाला पोखरू लागते. सिंथेटिक ऑईल उष्णतेला अधिक तग धरते हे निर्विवाद आहे. परंतु पाण्याला आणि आम्लाला त्याचे सिंथेटिक असणे अटकाव करीत नाही. तात्पर्य असे की ज्या गृहस्थांना आपली गाडी विश्रांती घेत आहे असे वाटते, ते दर रविवारी तिला पाच मिनिटे चालू करून तिच्या ऑईलचे आयुष्य स्वहस्ते कमी करीत असतात. तिला मुळीच चालू न करणे किंवा चांगली तासभर रस्त्यावर नेणे, हे दोन्ही मार्ग त्या मधल्या मार्गापेक्षा श्रेयस्कर आहेत.

पेट्रोलचीही तीच कथा. २०२३ पासून आपल्या देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले, आणि इथेनॉलचा एक स्वाभाविक गुणधर्म असा की ते हवेतील ओलावा शोषून घेते. महिनोन्‌महिने अर्ध्या भरलेल्या टाकीत तो ओलावा साचत जातो, आणि प्रमाण पुरेसे वाढले म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. ज्या उसापासूनही हे इथेनॉल बनते तो ऊस तोडण्यासाठी आमच्याच तालुक्यातील हजारो माणसे दरसाल घर सोडून जातात. त्या उसाच्या इथेनॉलचा हा गुण आमचे लोक तरी ओळखून असावेत असे मनात येते.

जुन्या पठडीच्या कित्येक स्पोर्ट्स गाड्यांमध्ये इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका रबरी पट्ट्याने जोडलेला असतो. मिस्त्री लोक त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. रबराला अंतर कळत नाही, वय कळते. तो पट्टा तुटला की वर उघडलेल्या झडपांवर खालून पिस्टन आदळतात आणि क्षणार्धात संपूर्ण इंजिनाची वाताहत होते. म्हणूनच अशा गाड्यांचा पट्टा तीन ते पाच वर्षांनी, गाडी किती चालली हे न विचारता, बदलण्याचा प्रघात आहे. टायरांचेही तसेच: त्यांच्या कडेवर कोरलेले शेवटचे चार अंक म्हणजे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष होय, आणि नक्षी अगदी नवी दिसत असली तरी पाच वर्षांनंतर दरसाल जाणत्याकडून तपासणी व दहा वर्षांनंतर सरसकट बदल, असा बहुतेक उत्पादकांचा सल्ला असतो. त्या वाड्यासमोर उभ्या असलेल्या गाडीच्या टायरांवरील ते अंक तेथे जमलेल्या तरुणांपैकी एकानेही वाचले नसावेत.

आणि आता ब्रेक ऑईल. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इतर सर्व बाबतींत हानी द्रव्याची आहे, येथे ती प्राणांची आहे. ब्रेकच्या नळ्यांमधून जो द्रव पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवतो तो जात्याच आर्द्रताग्राही असतो. रबरी नळ्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून आणि टाकीच्या झाकणातून तो हवेतील पाणी रात्रंदिवस शोषत राहतो, गाडी चालो वा उभी असो. आज बहुसंख्य गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या 'डॉट ४' या प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्यातच पाण्याचे प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेले की तो १५५ अंशांपर्यंत खाली येण्यास मुभा आहे. या दोन आकड्यांमधील पंचाहत्तर अंशांचे अंतर म्हणजेच घाटात जगणे आणि मरणे यांतील अंतर होय. वजनदार गाडी लांब उतारावर ब्रेक दाबून उतरवीत नेली म्हणजे डिस्क आणि पॅड कित्येक शे अंश तापतात, ती उष्णता हळूहळू द्रवापर्यंत पोहोचते, आणि पाणी प्यालेला द्रव उकळून त्याची वाफ झाली की पेडल एकाएकी पोकळ होऊन तळाला जाते; कारण द्रव दाबाला दाद देत नाही, वाफ मात्र मुकाट्याने दबते. चालकाला तोपर्यंत काहीही सूचना मिळालेली नसते. सपाट रस्त्यावर तीन वर्षे ज्या ब्रेकांनी कधी कुरकुर केली नाही, ते बालाघाटाच्या एका उतारावर, एका वळणावर, निकामी होऊ शकतात. म्हणूनच दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑईल बदलावे असे जवळजवळ सर्व कंपन्या सांगतात, आणि शर्यतीत उतरणारे चालक तर शर्यतीच्या उंबरठ्यावर ते बदलूनच गाडी मार्गावर आणतात. धारूरचा घाट उतरणाऱ्या स्पोर्ट्स कारने शर्यतीच्या चालकाचा दंडक पाळावा असे मी म्हणत नाही. पण पुण्याच्या तळघरात उभ्या असलेल्या मोटारीचा दंडक तिला लावू नये, एवढे निश्चित म्हणतो.

न वापरलेल्या वस्तूची मुदतीने देखभाल करावी ही कल्पना परदेशी कंपन्यांनी आपल्या माथी मारलेली आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडून पाहावे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या त्या राजनीतीच्या ग्रंथात गडाच्या व्यवस्थेचे जे प्रकरण आहे, त्यात दारूखान्यातील दारू, बाण वगैरे सामान हवालदाराने वरचेवर जातीने बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मुद्रा करून ठेवावे असा आशय स्पष्ट आहे. युद्ध चालू असो वा नसो. तोफ एकदाही डागली गेली नसली तरी. कारण दारूतील सोरा हवेतील ओल धरतो, आणि ओलावलेली दारू वर्षानुवर्षे कोठीत शांतपणे पडून राहून नेमकी शत्रू चालून येईल त्या दिवशी दगा देते. ज्या कारभाऱ्याने हे लिहिले त्याला रसायनशास्त्राची परिभाषा ठाऊक नसेल, परंतु उभ्या राहिलेल्या वस्तूवर काळ कसा काम करतो याचे त्याला सम्यक ज्ञान होते. ज्या गावाच्या उशाशी सोळाव्या शतकात किश्वरखानाने बांधलेला, आदिलशाही, निजामशाही आणि मोगल या तिघांनी हिरीरीने झगडून घेतलेला किल्ला उभा आहे, त्या गावच्या माणसाला कोठारातील वस्तूची हजेरी घेण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये.

आपल्या महाराष्ट्रात स्पोर्ट्स कारची एकदा फार मोठी चर्चा झाली होती. कसोटी शतकांच्या बाबतीत सचिन तेंडुलकरांनी २००२ साली ब्रॅडमन यांची बरोबरी केली, त्याप्रीत्यर्थ फेरारी ३६० मोडेना ही गाडी त्यांना भेट मिळाली, आणि इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. पुढे ती भारतात आणताना आयातशुल्काच्या माफीवरून जो गहजब झाला, तो त्या काळची वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना स्मरत असेल. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर शुल्काचा भरणा फियाट कंपनीने केला. २०११ साली ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. या साऱ्या काळात शुल्क किती, माफी योग्य की अयोग्य, यावर लक्षावधी शब्द खर्ची पडले. परंतु त्या ३.६ लिटरच्या, आठ सिलिंडरच्या इंजिनाचा पट्टा रबरी असून त्याला ठरावीक वर्षांनी बदलावे लागते, मुंबईच्या खाऱ्या व दमट हवेत अशा यंत्राला कोणत्या मुदतीने काय लागते, याविषयी मराठीत चार ओळी आल्याचे माझ्या वाचनात नाही. गाडीची किंमत आणि गाडीवरील कर यांतच आपले कुतूहल संपते. शुल्क एकदाच भरावयाचे असते, देखभाल मात्र गाडी जिवंत आहे तोवर; आणि जुन्या परदेशी गाड्या अलीकडे पुण्या-मुंबईच्या बाजारात मूळ किमतीच्या अंशात मिळू लागल्या असताना, त्या घेणाऱ्या होतकरू तरुणांना या दुसऱ्या खर्चाची जाणीव करून देणारा कोणी नाही, याचे मला मनापासून दुःख होते. दर उतरतो तो गाडीचा. तिच्या सुट्या भागांचा आणि तिला लागणाऱ्या कौशल्याचा दर उतरत नाही.

सर्व्हिस सेंटरांविषयीच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते मी विनासंकोच मान्य करतो. मलाही एकदा एका ठिकाणी न मागितलेल्या कामांची जंत्री बिलात जोडून मिळाली होती. इंजिन धुण्याची औषधे, आतील काजळी काढण्याचे प्रयोग, महागडी पॉलिशे, यांपैकी बहुतेक बाबी नियमित देखभालीत मोडत नाहीत, आणि पुस्तकात नसलेल्या प्रत्येक बाबीचे लेखी कारण मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. अमेरिकेत दर तीन हजार मैलांवर ऑईल बदलण्याचा जुना प्रघात कित्येक दशके चालू राहिला आणि नव्या ऑईलांच्या काळात तो निरर्थक ठरला, हेही खरे. परंतु व्यापारी अधिक मागतो यावरून काहीच देऊ नये असा निष्कर्ष निघत नाही; वैद्याने एखाद्या वेळी नको ते औषध दिले म्हणून नाडी दाखवणेच कोणी वर्ज्य करीत नाही. सर्व्हिस सेंटरवर विश्वास नसेल तर धारूरात, केजेत, अंबाजोगाईत असे जाणते मिस्त्री आहेत की जे ब्रेक ऑईल बदलणे, नळ्यांतील हवा काढणे, एअर फिल्टर पाहणे, कूलंटची स्थिती तपासणे ही कामे अत्यंत सचोटीने करतात. पट्टा बदलण्यासारखे काम त्या विशिष्ट गाडीची हत्यारे असणाऱ्याकडेच न्यावे. कामे कोठे करावीत हा प्रश्न खुला आहे. करावीत की नाही हा नाही.

राहता राहिला शेवटचा मुद्दा, की गाडी माझी, नुकसान माझे. माझा सर्वांत तीव्र विरोध या विधानाला आहे.

घाट कोणाच्या मालकीचा नाही. दसरा-दिवाळी आटोपली की धारूर, केज, वडवणी या टापूतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली माणसे, त्यांच्या बायका, शाळेतून काढलेली मुले, धान्याची पोती, भांडीकुंडी, कधी शेळ्या, हे सारे ट्रॅक्टरच्या मागील दोन-दोन ट्रॉल्यांवर किंवा ट्रकांवर रचून रात्रीबेरात्री पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागते. त्याच दिवसांत कारखान्यांकडे जाणारी उसाची वाहने त्याच अरुंद घाटरस्त्यावर चढत-उतरत असतात. ट्रॉलीला बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतात. सारा भार पुढील ट्रॅक्टरने सांभाळावयाचा असतो. हे वाहन वळणावर पटकन बाजूला होऊ शकत नाही, थांबू शकत नाही, मागे हटू शकत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत, दिवाळीची सुट्टी संपवून, तीन वर्षे ब्रेक ऑईल न बदललेली ती वेगवान गाडी आमचे गृहस्थ पुण्याकडे घेऊन निघतात, आणि प्रवासाच्या अगदी आरंभीच, तेलगावकडे, घाट उतरू लागतात. पेडल पोकळ झाले तर त्यांच्या गाडीत सुरक्षेच्या हवेच्या पिशव्या आहेत, भक्कम सांगाडा आहे, पट्टे आहेत. ट्रॉलीच्या फळीवर झोपलेल्या मुलाभोवती कोणता सांगाडा आहे? नुकसान माझे होईल, हे वाक्य त्या मुलाच्या वतीने उच्चारण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

कायद्यानेही तो दिलेला नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १९० व्या कलमान्वये असुरक्षित स्थितीतील वाहन सार्वजनिक जागी चालवणे हा अपराध आहे, आणि त्यात वाहन किती महाग वा मालक किती प्रतिष्ठित याचा विचार नाही. परंतु खाजगी मोटारीला नोंदणीनंतर पहिली पंधरा वर्षे योग्यतेच्या तपासणीस हजर राहावे लागत नसल्याने, एवढा दीर्घ काळ सारी मदार मालकाच्या विवेकावर राहते. धारूरच्या एस.टी. आगारातील गाडीला तशी मोकळीक नाही. आदल्या दिवसाच्या चालकाने नोंदवलेला दोष पाहिल्यावाचून तिला मार्गावर सोडू नये असा तेथील शिरस्ता आहे, आणि तो या प्रदेशात नवा नव्हे, कारण निजामाच्या राज्यात १९३२ साली अवघ्या सत्तावीस गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली तेव्हापासून येथील माणूस आगार, फिटर आणि नोंदवही या व्यवस्थेशी परिचित आहे. रंग उडालेल्या लाल गाडीची जी काळजी एक सामान्य फिटर तेलकट हातांनी रोज घेतो, तिच्या एक दशांश काळजीचीच मागणी मी करीत आहे.

मग किती वेळा, असा सरळ प्रश्न मला विचारला जाईल आणि त्याला सरळ उत्तर देणे माझ्यावर बंधनकारक आहे. स्पोर्ट्स कार कितीही कमी चालो, वर्षातून एकदा तिचे ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलावे आणि खालून-वरून संपूर्ण तपासणी व्हावी. ही तपासणी दसऱ्याच्या आधी व्हावी, म्हणजे पावसाळ्याची ओल जाऊन दिवाळीचा प्रवास निर्धास्त होईल. ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलावे, आणि जिला घाट नेमाने उतरावा लागतो तिचे मी दरसाल बदलीन. त्याचा खर्च त्या गाडीच्या एका टायरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. बीडच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, गाडी जोरात चालवली असेल, किंवा मुरुमाच्या धुळीतून तिने बरेच अंतर कापले असेल, तर एअर फिल्टरला मुदतीची वाट पाहू देऊ नये. बारीक धूळ आत गेली की ती सिलिंडरच्या भिंतींना कानसच ठरते. कूलंट, पट्टा, टायर यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात, आणि जुनी गाडी विकत घेताना ती वही नसेल तर हे सर्व झालेच नाही असे गृहीत धरून किमतीचा हिशेब करावा.

आमचे गृहस्थ यावर म्हणतील, आणि एकदा ते त्राग्याने म्हणालेही, की एवढा व्याप करावयाचा तर ती विकूनच टाकलेली बरी. मला ते मुळीच मान्य नाही. इतके सुंदर यंत्र, ज्याच्या एकेका भागावर कुशल कारागिरांनी आपली बुद्धी वेचलेली आहे, ते आमच्या गावच्या माणसाच्या मालकीचे असावे याचा मला आनंदच आहे, आणि आमच्या मुलांनी ते पाहावे, त्याचे बॉनेट उघडून आत काय आहे हे त्यांना समजावून सांगितले जावे, अशी माझी इच्छा आहे. माझे मागणे विकण्याचे नसून चालवण्याचे आहे. तळघरातील आच्छादन दर पंधरवड्याला निघू द्यावे, इंजिन पुरते तापेल इतका, निदान तासाभराचा प्रवास तिला घडू द्यावा, आणि येत्या दसऱ्यापूर्वी, धारूरची वाट धरण्याच्या आधी, पुण्यातच तिचे ब्रेक ऑईल बदलून घ्यावे. तेथे सवड झाली नाही, तर येताना घाट चढून यावे, परंतु परत उतरण्यापूर्वी ते येथील मिस्त्रीकडून बदलून घ्यावे. ज्या तरुणांसमोर त्यांनी ते मत मांडले होते, त्यांनाच त्या वेळी गॅरेजात बोलवावे, आणि नळ्यांतून निघालेले जुने, काळवंडलेले ऑईल नव्या ऑईलशेजारी काचेच्या बाटलीत धरून त्यांना दाखवावे.